टेस्ला कॉइल : सूर जुळवणे आणि अंतर राखणे

निकोला टेस्लाबद्दल मोबाइलवर जे काही फिरत असते त्यात बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे जांभळ्या विजेच्या फांद्या सोडणाऱ्या कॉइलचा व्हिडिओ. दुसरी म्हणजे एक कहाणी : रेडिओ टेस्लाने शोधला, मार्कोनीने चोरला आणि १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो टेस्लाला परत मिळवून दिला. व्हिडिओ बघून आपण थक्क होतो आणि कहाणी वाचून चिडतो. या दोन गोष्टींचा आपसात काय संबंध आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

संबंध आहे, आणि तो अगदी हाताने करायच्या कामाचा आहे. टेस्ला कॉइल घरी बनवणाऱ्याला शेवटी दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा जुळवाव्या लागतात. पहिली, खालच्या आणि वरच्या वेटोळ्यांचा सूर एक करणे, म्हणजे ट्यूनिंग. दुसरी, ती दोन वेटोळी एकमेकांच्या किती जवळ ठेवायची हे ठरवणे, म्हणजे कपलिंग. न्यायालयात लढला गेलेला खटला याच दोन गोष्टींच्या श्रेयाचा होता. म्हणून आधी यंत्र समजून घेऊ आणि मग इतिहासाकडे वळू.

टेस्ला कॉइलमध्ये दोन मंडले असतात. खालच्या मंडलात एक मोठा कपॅसिटर, ठिणगी पडण्यासाठी ठेवलेली फट आणि जाड तांब्याच्या नळीचे पाचदहा वेढे असतात. हे प्राथमिक मंडल. वरच्या मंडलात उभ्या नळीवर बारीक तारेचे हजारभर वेढे आणि डोक्यावर धातूचे गोल कडे किंवा गोळा असतो. त्याचे खालचे टोक जमिनीत पुरलेले. हे दुय्यम मंडल. खालचा कपॅसिटर हजारो व्होल्टपर्यंत भरतो, फटीत ठिणगी पडते आणि त्या क्षणी कपॅसिटरमधली वीज वेढ्यांतून इकडून तिकडे झुलू लागते, सेकंदाला लाखो वेळा. वरच्या मंडलाचीही झुलण्याची स्वतःची एक गती असते. दोन्हींची गती एक असेल तर खालची ऊर्जा वर चढत जाते. नसेल तर वरचे वेटोळे फक्त जरासे हलते आणि गप्प बसते.

हे तत्त्व समजायला अमेरिकेला जायची गरज नाही, मिरजेला जावे. मिरजेत फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून सतारी घडवण्याची जी परंपरा सुरू झाली, तिचे मूळ शिकलगार घराण्यात, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांत होते. त्यांच्या सतारीत वरच्या मुख्य तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. वादक त्यांना सहसा छेडत नाही. वरच्या तारेतून एखादा स्वर निघाला की त्याच स्वराला लावलेली तरफेची तार आपोआप गुणगुणते आणि शेजारच्या स्वराला लावलेली गप्प राहते. याला अनुस्पंदन म्हणतात. तरफ लावताना कारागीर खुंटी पिळतो तेव्हा तो ट्यूनिंग करत असतो. आणि घोडी, पडदी, भोपळा यांच्यामधून कंप एका तारेतून दुसरीत किती सहज पोहोचावा हे तो घडणीत ठरवतो, तेव्हा तो कपलिंगच ठरवत असतो. फरक इतकाच की सतारीत घडणीचे काम एकदा होते आणि खुंटीचे काम रोज. टेस्ला कॉइलमध्ये दोन्ही रोज करावी लागतात.

आता इतिहास. विजेची ठिणगी एकदाच चमकून संपत नाही, ती मागेपुढे झुलते, हे टेस्लाच्या जन्माआधीच लक्षात आले होते. अमेरिकेचे जोसेफ हेन्री यांनी १८४२ मध्ये लायडन बरणीच्या विसर्जनात हे ओळखले. विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनी १८५३ मध्ये त्या झुलण्याचे गणित मांडले. जर्मनीत फेडरसन यांनी फिरत्या आरशाच्या मदतीने ठिणगीचे झुलणे प्रत्यक्ष दाखवले. टेस्लाचा जन्म १८५६ चा. १८८७-८८ मध्ये कार्लस्रूहे इथे हाइनरिश हर्ट्झ यांनी विद्युत लहरी हवेतून जातात हे सिद्ध केले आणि त्यात दोन मंडलांचा सूर जुळण्याचा उपयोग केला. १८८९ मध्ये इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांनी दोन लायडन बरण्यांचा सुंदर प्रयोग केला. एका बरणीच्या मंडलात ठिणगी पाडली की दूर ठेवलेल्या दुसऱ्या बरणीवरही ठिणगी उमटते, पण फक्त दोन्हींची मंडले एका सुरात लावलेली असतील तरच. तारेचा एक सरकता दांडा थोडा हलवला की दुसरी ठिणगी नाहीशी. टेस्ला कॉइल जुळवणारा माणूस आज जे करतो त्याची ही मूळ आवृत्ती समजायला हरकत नाही.

त्याच १८८९ मध्ये टेस्ला पॅरिसच्या प्रदर्शनाला गेले, हर्ट्झच्या प्रयोगांची माहिती घेऊन न्यूयॉर्कला परतले आणि कामाला लागले. लोखंडी गाभ्याची नेहमीची इंडक्शन कॉइल इतक्या वेगाच्या विजेला टिकेना. लोखंड तापे, तारांवरचे आवरण फुटे. टेस्लाने लोखंड काढून टाकले, वेटोळी तेलात बुडवली आणि ठिणगीच्या मंडलाने ती चालवली. २० मे १८९१ रोजी कोलंबिया कॉलेजात विद्युत अभियंत्यांसमोर त्यांनी व्याख्यान दिले आणि पुढच्याच महिन्यात या पद्धतीच्या दिव्यांचे त्यांचे पेटंट मंजूर झाले. एलिहू थॉमसन हेही त्या काळात अशाच वेटोळ्यांवर काम करत होते. तरी नाव राहिले टेस्लाचे, आणि ते योग्यच आहे. दोन जुळवलेली मंडले एकमेकांना जोडून प्रचंड दाब उभा करायचा, ही कल्पना त्यांनी जितकी दूर नेली तितकी त्या वेळी कोणी नेली नाही.

त्याचे टोक म्हणजे कोलोराडो स्प्रिंग्ज. मे १८९९ ते जानेवारी १९०० या काळात टेस्ला तिथे लाकडी प्रयोगशाळा बांधून राहिले. दुय्यम वेटोळ्याचा व्यास सुमारे १५ मीटर, म्हणजे एका मोठ्या सभागृहाएवढा. त्या काळातली त्यांची रोजची टिपणे १९७८ मध्ये बेलग्रेडहून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जादूगार टेस्ला शोधायला जो ते पुस्तक उघडेल त्याची निराशा होईल. पानोपानी हिशेब आहेत : या वेटोळ्याचे प्रवर्तन किती, या गोळ्याची धारिता किती, इतके वेढे कमी केले तर सूर कुठे जाईल. प्रयोगशाळेत ठिणग्यांखाली शांतपणे बसलेल्या टेस्लांचे ते प्रसिद्ध छायाचित्र एकाच काचेवर दोनदा घेतलेले आहे. ठिणग्या वेगळ्या वेळी, माणूस वेगळ्या वेळी. हे टेस्लांनी स्वतःच टिपणांत लिहून ठेवले आहे. व्हिडिओच्या जमान्यात हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कोलोराडोत टेस्लांना कपलिंगचा प्रश्न चांगलाच भेटला. प्राथमिक आणि दुय्यम वेटोळी जवळ असली की ऊर्जा चटकन वर जाते, पण मग दोघे एकमेकांच्या मर्जीने चालतात, वरच्याला स्वतःच्या सुरात मोकळे वाढता येत नाही. त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे तिसरे वेटोळे. दुय्यम वेटोळ्याच्या रिंगणात मध्यभागी, सुमारे अडीच मीटर व्यासाचे, तारेने जोडलेले पण चुंबकीय दृष्ट्या बरेचसे अलिप्त असे हे ‘जादा वेटोळे’ होते. सगळ्यात मोठ्या ठिणग्या त्याच्यातून निघाल्या. म्हणजे खालची दोन वेटोळी घट्ट आणि तिसरे सैल. ही विभागणी आजही मोठ्या कॉइल बनवणारे लोक वापरतात.

टेस्ला हाताने जे शोधत होते त्याचे गणित तोवर जर्मनीत मांडले जाऊ लागले होते. आन्टोन ओबरबेक यांनी १८९५ मध्ये टेस्लाच्या प्रयोगांवरच निबंध लिहिला. त्यात दाखवले की एकाच सुराला लावलेली दोन मंडले एकमेकांजवळ आणली की एक सूर राहत नाही, दोन होतात. एक मूळच्यापेक्षा खालचा आणि एक वरचा. जवळीक जितकी जास्त तितके हे दोन सूर एकमेकांपासून लांब. १९०४ मध्ये पाउल ड्रूड यांनी टेस्ला ट्रान्सफॉर्मरचा सविस्तर सिद्धांत लिहिला आणि कपलिंगचा गुणांक ०.६ असताना सर्वाधिक दाब मिळतो असे मांडले. या गुणांकाला क म्हणू. शून्य म्हणजे दोन वेटोळ्यांचा काही संबंध नाही. एक म्हणजे पूर्ण एकरूपता.

आकडे घेऊन पाहू. माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे. त्याने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी कॉइल बनवली ती त्यांच्या प्रयोगशाळेत, सरांच्या देखरेखीखाली. तारा गुंडाळण्यापासून मी मधूनमधून जात होतो. ११ सेंटिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर, ५५ सेंटिमीटर उंचीत, अर्ध्या मिलिमीटरच्या इनॅमलच्या तारेचे हजार वेढे. मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणलेली साडेतीनशे मीटर तार त्यात संपली. या वेटोळ्याचे प्रवर्तन सुमारे २० मिलिहेन्री. डोक्यावर अॅल्युमिनियमच्या लवचिक नळीचे कडे. कडे आणि वेटोळे मिळून धारिता सुमारे २० पिकोफॅरड. खाली १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. सूर जुळायचा तर दोन्हीकडचा प्रवर्तन आणि धारितेचा गुणाकार सारखा यायला हवा. वरचा कपॅसिटर खालच्यापेक्षा ५०० पट लहान, म्हणून खालचे प्रवर्तन वरच्यापेक्षा ५०० पट लहान : ४० मायक्रोहेन्री. सपाट गुंडाळलेल्या तांब्याच्या नळीचे साधारण दहा वेढे. दोन्हींची वारंवारता मग सेकंदाला सुमारे २,५२,००० झोके.

इथे एक समज दूर करायला हवा. खाली दहा वेढे, वर हजार, म्हणून दाब शंभरपट होतो, असे आपल्याला शाळेतल्या ट्रान्सफॉर्मरवरून वाटते. टेस्ला कॉइलमध्ये हा हिशेब चालत नाही. खालच्या कपॅसिटरमधली सगळी ऊर्जा वरच्या छोट्या धारितेत गेली तर दाब किती, हा खरा हिशेब. धारितांचे गुणोत्तर ५००, त्याचे वर्गमूळ साधारण २२.४. खाली १०,००० व्होल्ट असतील तर वर जास्तीत जास्त २,२४,००० व्होल्ट. ठिणगीच्या फटीत आणि तारेत ऊर्जा वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात याहून कमी.

आता क चा परिणाम. क ०.१५ धरला तर २५२ किलोहर्ट्झचे दोन सूर होतात : सुमारे २३५ आणि २७३. दोघांतला फरक ३८ किलोहर्ट्झ. दोन जवळच्या स्वरांच्या तारा एकत्र वाजल्या की आवाज जसा फुगतो आणि ओसरतो, तशीच ऊर्जा खालून वर जाते आणि वरून परत खाली येते. पूर्ण वर जायला सुमारे १३ मायक्रोसेकंद, म्हणजे सव्वातीन झोके. क वाढवला की ऊर्जा याहून लवकर वर जाते. मग ड्रूडचा ०.६ का घेऊ नये? कारण कागदावरच्या वेटोळ्याला आवरण नसते आणि फुटायची भीती नसते. प्रत्यक्षात वेटोळे इतके जवळ आणले तर दाब वर पोहोचण्याआधीच वेढ्यांवरून ठिणग्या धावतात किंवा दुय्यममधून सरळ प्राथमिकवर उडी मारतात. म्हणून हौशी माणूस बहुधा ०.१ ते ०.२ च्या मध्ये राहतो.

सरांनी मुलांना मुद्दाम आधी घट्ट कपलिंग दाखवले. दुय्यम वेटोळे अगदी खाली, प्राथमिकच्या पातळीत. एक सेकंदभर वीज दिली. डोक्यावरून काही नाही, पण नळीच्या खालच्या तिसऱ्या भागात निळ्या रेषा वेढ्यांवरून सरसर धावल्या. “मामू, सगळी वीज पायातच अडकली!” भाचा म्हणाला. मग वीज बंद, कपॅसिटर रिकामा केला, दुय्यमखाली लाकडाचे ठोकळे सरकवून ते वर उचलले. धावणाऱ्या रेषा थांबल्या आणि कड्यावरून बोटभर ठिणगी दिसली.

आता ट्यूनिंग. प्राथमिकचा चिमटा हिशेबाने दहाव्या वेढ्यावर होता. तो पाव-पाव वेढा पुढे सरकवत गेलो, दर वेळी वीज बंद करून आणि कपॅसिटर रिकामा करून. ठिणगी वाढत वाढत पावणेअकराव्या वेढ्याजवळ सगळ्यात लांब झाली आणि पुढे पुन्हा आखडली. हिशेब खोटा नव्हता. कड्यावरून ठिणगी बाहेर पडू लागली की ती फांदी स्वतःच थोडी धारिता वाढवते, वरचा सूर उतरतो. म्हणून खालचा सूरही थोडा उतरवून ठेवावा लागतो, म्हणजे वेढे थोडे जास्त घ्यावे लागतात. न वाजणारी तार आणि वाजणारी तार यांत हा फरक असतो. सूर लागल्यावर मग ठोकळे एकेक काढून वेटोळे हळूहळू खाली आणले. धावत्या रेषा पुन्हा दिसल्या तिथे थांबून एक ठोकळा परत घातला. क्रम हाच : आधी सैल ठेवून सूर, मग जवळीक, आणि जवळीक बदलली की सूर पुन्हा एकदा तपासणे.

हे वाचून कोणी घरी करून बघणार असेल तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वरची लांब ठिणगी भाजते, खालचा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मात्र जीव घेतात. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो. एकट्याने, बंद खोलीत, जाणकार माणसाशिवाय हे काम करू नये. पेसमेकर असलेल्या माणसाने जवळही जाऊ नये. आणि ठिणगी म्हणजे आसपासच्या रेडिओ यंत्रणांना त्रास, हेही लक्षात ठेवावे. या त्रासाचाच पुढचा इतिहास आहे.

मार्कोनींचा सुरुवातीचा प्रेषक साधा होता. ठिणगीची फट सरळ उंच तारेला जोडलेली. त्याला धड सूर नव्हता. ठिणगीतून निघालेला एक धक्का सगळ्या बाजूंना, सगळ्या सुरांत पसरे. दोन केंद्रे एकाच वेळी बोलू लागली की दोघांचेही कळत नसे. १९०१ मध्ये अमेरिकेत नौकाशर्यतीच्या बातम्या बिनतारी पाठवताना प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकमेकांचे संदेश असेच बुडवले. लॉज यांनी १८९७ मध्येच सूर जुळवण्याचे पेटंट घेतले होते. जर्मनीत फर्डिनांड ब्राउन यांनी ठिणगीचे मंडल आणि उंच तारेचे मंडल वेगळे करून दोघांना कपलिंगने जोडले. मार्कोनींनी २६ एप्रिल १९०० रोजी आपले प्रसिद्ध ब्रिटिश पेटंट दाखल केले, क्रमांक ७७७७. त्यात प्रेषकाची दोन आणि ग्राहकाची दोन, अशी चारही मंडले एका सुरात लावण्याची पद्धत होती. मार्कोनी आणि ब्राउन यांना १९०९ चे नोबेल विभागून मिळाले.

सूर जुळला म्हणजे संदेश सुरक्षित, अशी जाहिरात तेव्हा झाली. ४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनींचे सहकारी फ्लेमिंग व्याख्यान देत होते आणि दुरून मार्कोनींचा संदेश यायचा होता. त्याआधीच यंत्र खडखडू लागले आणि ‘उंदीर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा उमटला. नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या, जादूगारांच्या घराण्यातल्या गृहस्थाने जवळूनच साधा प्रेषक चालवून ही गंमत केली होती. दूरच्या कुजबुजीला लावलेला कान जवळच्या आरडाओरड्याला बंद करता येत नाही, हे त्याने भर सभेत दाखवले.

त्यातच ओबरबेकचे दोन सूर आता समुद्रावर त्रास देऊ लागले. प्रेषकाचे कपलिंग घट्ट केले की एका जहाजातून दोन लहरी निघत आणि दोन ठिकाणी अडथळा होई. सैल केले की लहर शुद्ध, पण जोर कमी. माक्स वीन यांनी १९०६ मध्ये वेगळी युक्ती काढली. अगदी जवळजवळ ठेवलेल्या धातूच्या चकत्यांमध्ये ठिणगीचे तुकडे करायचे, म्हणजे ती लवकर थंड होऊन विझते. ऊर्जा एकदा वर गेली की खालची वाट बंद. वरचे मंडल मग एकट्याने, एकाच सुरात वाजत राहते. टेलिफुंकन कंपनीने ही पद्धत जगभर नेली. आजच्या हौशी कॉइलमधल्या ठिणगीच्या फटीवर पंखा लावतात तो याच कारणासाठी.

१९१२ मध्ये, टायटॅनिक बुडाल्यानंतर चार महिन्यांनी, अमेरिकेने रेडिओचा कायदा केला. त्यात कपलिंग पहिल्यांदा कलमांत उतरले असे म्हणता येईल. प्रेषकातून एकापेक्षा जास्त लहरी निघत असतील तर कमजोर लहरीची ऊर्जा मुख्य लहरीच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. लहर किती लवकर विरते याचीही मर्यादा आकड्यात दिली. हौशी लोकांना २०० मीटरच्या आत आणि एक किलोवॅटपर्यंत बांधून टाकले. आणि त्याच कायद्यात एक अपवाद आहे : संकटात सापडलेल्या जहाजाने आपला प्रेषक असा लावला तरी चालेल की जास्तीत जास्त अडथळा निर्माण होईल. जीव वाचवायचा असेल तेव्हा बेसूर होण्याची परवानगी कायद्याने दिली.

आता १९४३. टेस्ला ७ जानेवारीला न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या खोलीत वारले. निकाल २१ जूनला लागला. खटला टेस्लांनी केलेलाच नव्हता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपली पेटंटे वापरली म्हणून मार्कोनी कंपनीने सरकारकडे भरपाई मागितली होती. मार्कोनी स्वतः १९३७ मध्येच गेले होते. चार जुळवलेल्या मंडलांच्या मार्कोनींच्या अमेरिकी पेटंटातले मुख्य दावे न्यायालयाने रद्द केले, कारण हे आधी इतरांनी मांडले होते. ते इतर म्हणजे लॉज, टेस्ला आणि जॉन स्टोन स्टोन नावाचे अभियंते. स्टोन यांनी मार्कोनींच्या नऊ महिने आधी अमेरिकेत अर्ज केला होता. टेस्लांचे संबंधित पेटंट १८९७ मध्ये दाखल होऊन १९०० मध्ये मंजूर झालेले. ते बिनतारी ऊर्जा पाठवण्याचे होते आणि त्यात चार जुळवलेली मंडले होती. मार्कोनींचे सुरुवातीचे मूळ पेटंट न्यायालयाने रद्द केले नाही. “रेडिओ टेस्लाने शोधला” असे वाक्य त्या निकालाचा सार नाही. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी तर वेगळे मत नोंदवून, मागाहून सगळेच सोपे दिसते, असा इशारा दिला.

हे सांगितल्याने टेस्ला लहान होत नाहीत. लहान होते ती एका नायकाची आणि एका चोराची गोष्ट. “आमच्या माणसाने आधीच शोधले होते, त्यांनी चोरले” ही गोष्ट आपल्याकडे सगळ्याच समाजांना आवडते, आपल्या मुस्लीम वाचकांनाही आणि इतरांनाही. ती सांगताना हेन्रींची बरणी, लॉजचा सरकता दांडा, ओबरबेकचे दोन सूर, स्टोनचा अर्ज, वीनच्या चकत्या, हे सगळे गळून पडते. मुलांच्या हाती एक पुतळा येतो आणि चिमटा पाव वेढा सरकवण्याचा धीर मात्र येत नाही. इतिहासाने मुलांना द्यायचा तो हा धीर.

शेवटी एक साधी गोष्ट. वर मी जे आकडे दिले त्यांची एकके पाहा. प्रवर्तन हेन्रींच्या नावाने, धारिता फॅरडेंच्या, दाब व्होल्टांच्या, वारंवारता हर्ट्झच्या. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला टेस्लांचे नाव मिळाले. फक्त कपलिंगला एकक नाही आणि कोणाचे नावही नाही. ते दोन गोष्टींमधले निव्वळ गुणोत्तर आहे, शून्य आणि एकच्या मधले, आणि प्रत्येक कॉइलपाशी ते ठोकळे सरकवून नव्याने शोधावे लागते.